रिकाम्या हाताचं चालणं

गावातली निम्मी माणसं सरजाबाईला पाठीवरून ओळखायची. तोंड दिसणारच कसं? लग्न होऊन आली तेव्हापासून बाई कुणाच्या ना कुणाच्या रानात वाकलेली, आणि जास्त करून दत्तरावांच्याच. कापूस, हळद, सोयाबीन, भुईमूग; पीक बदलायचं, वाकणं तेच. संध्याकाळी घरी परतायची तेव्हा डोक्यावर गवताचा भारा, नाहीतर जळतणाची मोळी. हातात काही नाही, डोक्यावर काही नाही, अशी सरजाबाई रस्त्यानं चाललेली कुणी बघितली नव्हती. तिनं स्वतःनंही बघितली नव्हती म्हणा.

आता अशी बाई साठी उलटल्यावर रोज सकाळी उठून नुसती चालायला जायला लागली, तर गाव बोलणारच. बोललंही. पण ती का निघाली ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हालाही वाटायचं की बाईला म्हातारपणी थेरं सुचली.

तिचा नवरा पंडित शुगरनं गेला. दुसऱ्याच्या बैलांमागं जन्मभर चाललेला माणूस. एकदा पायाला खडा लागला, ते त्याला कळलंच नाही. आधी अंगठा काढला, मग घोट्यापर्यंत पाय, मग गुडघ्यापर्यंत. त्यानंतर तो दारातल्या बाजेवर पडून असायचा. त्याला परसाकडं न्यायचं तर दोन माणसं लागायची, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटायची की जायची वेळच येऊ नये म्हणून तो हळूहळू जेवण कमी करत गेला. सरजाबाईनं ते रोज बघितलं. ताटातली भाकरी मोडून ठेवलेली असायची आणि पंडित म्हणायचा, भूक न्हाई. भूक होती. तिला कळत होतं आणि त्याला हे कळत होतं की तिला कळतंय. त्या दिवसांत तिनं मनाशी पक्कं केलं की आपण मरू तेव्हा मरू, पण बाजेवर असं पडायचं नाही.

आणि नेमकी तीच शुगर पुढं तिच्याही रक्तात निघाली. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज चालायचं. सरजाबाईला हसूच आलं. जन्मभर दुसरं केलं काय? पण डॉक्टरीणबाई समजावत बसल्या. वाकून खुरपणं म्हणजे चालणं नव्हे, भारा घेऊन येणं म्हणजेही चालणं नव्हे. ताठ चालायचं, हात मोकळे सोडून, मधे न थांबता, पायात बूट घालून. सरजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन सुनेला, रेणुकाला सांगितलं की डॉक्टरीण शहाणी हाय, पण तिला सासरी कुणी बोलणारं नसंल. पुण्याला कंपनीत असलेल्या बुद्धभूषणनं, म्हणजे तिच्या मुलानं, फोनवर निक्षून सांगितलं की आता मजुरी बंद, चालणं सुरू. त्याचे जुने बूट घरात होते. दोन बोटं मोठे होते, तिनं पुढं चिंध्या कोंबल्या.

पहिले काही दिवस लय अवघड गेले. पायांना नाही, हातांना. हातांचं काय करावं तेच कळेना. बाई कॅनॉलच्या वाटेनं निघायची ताठ, आणि सवयीनं रस्त्यातली एकेक काटकी उचलत जायची. परत येईपर्यंत काखेत मोळी. रेणुका म्हणायची, आत्या, चालायला गेल्ता की जळतणाला? सरजाबाईला स्वतःचाच राग यायचा. मग एका सकाळी वाटेत बाभळीची चांगली वाळलेली फांदी आडवी पडली होती, आणि ती तिला ओलांडून पुढं गेली. त्या दिवसापासून तिचे हात सुटले. पुढं मागं, पुढं मागं, झोकात. रस्त्यातल्या बायका विचारायच्या, सरजा, कुठं चाललीस गं? ती म्हणायची, कुठं न्हाई. बायका हसायच्या, मॅडम झालीस म्हणायच्या. खरं सांगायचं तर सरजाबाईला ते फार आवडायचं. शुगरचं निमित्त झालं, पण जन्मात पहिल्यांदा ती कुणाच्याही कामाला न जाता कुठंतरी जात होती, आणि त्यात तिला जे सुख व्हायचं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

आणि मग आला तो कोरोना. पुण्यात बुद्धभूषण अडकला, गावात आम्ही. रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकून गाव बंद झालं. समिती नेमली गेली. अध्यक्ष दत्तराव, दुसरं कोण असणार? कोतवाल सटवाजी शिट्टी घेऊन काट्यांपाशी बसला. आदल्या दिवसापर्यंत ज्याला कुणी पाण्याचंही विचारत नव्हतं, तो सटवाजी आता लोकांना तोंडावर रुमाल बांधायला सांगत होता. भीती सगळ्यांनाच होती, खोटं कशाला बोला. सरजाबाईलाही होती. ती गुमान घरात बसली. बाबासाहेबांची जयंतीसुद्धा वस्तीनं घराघरातच केली, दारात मेणबत्ती लावून.

जयंतीनंतरच्याच एका दुपारी रेणुका घर झाडत होती, तर जमिनीवर रक्ताचे ठिपके. चुलीपासून दारापर्यंत. तिनं सासूचा पाय धरून बघितला, तर टाचेत बाभळीचा काटा मोडलेला. अंगणातल्या सरपणातला असावा. सरजाबाई तो काटा घेऊन सकाळपासून घरात फिरत होती आणि तिला काही म्हणता काही कळलं नव्हतं. रेणुकानं सुईनं काटा काढला, हळद भरली. सरजाबाई दारातल्या बाजेकडं बघत होती. पंडितचंही असंच सुरू झालं होतं.

टाच भरून आल्यावर, पहिल्याच सकाळी, तिनं बूट घातले आणि काट्यांपाशी जाऊन उभी राहिली. सटवाजीनं शिट्टी फुंकली. तिनं त्याला सांगितलं की तोंडाला रुमाल हाय, कुणाजवळ जाणार न्हाई, कुणाशी बोलणार न्हाई, कॅनॉलच्या गेटापर्यंत जाते आणि येते. सटवाजी म्हणाला, हुकूम न्हाई. शेतीच्या कामाला तेवढी मुभा हाय, फिरायला न्हाई. ती म्हणाली, मी फिरायला न्हाई, चालायला चालले. यातला फरक सटवाजीला काही समजला नाही, आणि तो दत्तरावांना बोलावून घेऊन आला.

दत्तराव माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पंडितला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा गाडी त्यांनीच दिली होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि लगेच तोड काढली. सरजे, त्यात काय एवढं, म्हणाले, हातात खुरपं घे अन् जा. कुणी विचारलं तर माझ्या भुईमुगाला चालले म्हणून सांग. मग तू चाल, न्हाईतर पळ, कोण बघायलंय? सटवाजीनं मान हलवली. असा साधा उपाय, आणि फुकटचा.

जन्मभर सरजाबाईनं या माणसापुढं नुसती मान हलवली होती, आताही मान हलायलाच लागली होती. पण आतून काहीतरी तडकलं. खुरपं हातात घेतलं की ती पुन्हा दत्तरावांच्या रानात निघालेली बाई होणार होती. खोटी का होईना. ती म्हणाली, "खुरपं लय झालं मालक. आता मला ते धरायचं न्हाई." आणि घराकडं वळली.

दत्तरावांना ते झोंबलं. भल्याचं सांगायला गेलो तर ही बाई तोंड वर करून बोलते, असं ते दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. पण सरजाबाई घरी गेली ती थांबायला नाही. वस्तीच्या मागून ओढा जातो, उन्हाळ्यात कोरडा ठक्क. दुसऱ्या सकाळी ती ओढ्यात उतरली, पलीकडनं वर चढली आणि कॅनॉलला लागली. तिसऱ्या सकाळीही. समितीला कळायला कितीसा वेळ लागतो? एका संध्याकाळी देवळावरच्या भोंग्यातून तिचं नाव पुकारलं: सरजाबाई यांनी विनाकारण बाहेर फिरू नये, अन्यथा कारवाई होईल. रेणुका रडायच्या बेताला आली. सरजाबाई मात्र भाकरी थापता थापता म्हणाली की इतकी वर्षं त्या देवळाच्या पायरीला आपली सावली चालत नव्हती, आज भोंगा आपल्याला 'बाई' लावून बोलायलाय, कोरोनाचं एवढं तरी चांगलं झालं.

पण रेणुकाची भीती काही खोटी नव्हती. पोलीस आले तर सासूला मारतील, नवरा इथं नाही, आपण एकट्या काय करणार? एका सकाळी तिनं कुडात खोचलेलं जुनं खुरपं काढून पुसलं आणि दोन्ही हातांनी सासूपुढं धरलं. आत्या, माह्यासाठी तरी घ्या. सरजाबाईनं ते घेतलं, क्षणभर हातात तोललं. मूठ तिच्याच हातानं झिजलेली होती. मग पुन्हा कुडात खोचून टाकलं. तिनं रेणुकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं की तुझी फिकीर मला कळते, पण तुला बाजेवरची सासू उचलायला लागू नये म्हणून तर हे चाललंय.

इकडं गावात भलतंच पीक आलं होतं. दत्तरावांनी सरजाबाईला सांगितलेली तोड तिनं घेतली नाही, पण बाकीच्यांनी घेतली. घरात बसून बसून सगळे आंबून गेले होते. आधी एकजण खुरपं घेऊन काट्यांबाहेर पडला, सटवाजीनं सोडला. मग दुसरा. मग काय विचारता. लोहाराकडची खुरपी संपली. ज्यांच्या सात पिढ्यांनी तण उपटलं नाही ते मोठ्या पहाटेचे खुरपणीला निघायला लागले. रिटायर झालेले बन्सीधर गुरुजी ढोपरापर्यंत पांढरे मोजे, कपाळाला पट्टा आणि हातात खुरपं, तेही उलटं. खुद्द दत्तराव, ज्यांना डॉक्टरनं ब्लडप्रेशरसाठी चालायला सांगितलं होतं, तेही निघाले. भाजी वाढायची पळी धरावी तसं खुरपं धरून. कॅनॉलवर सकाळी जत्रा. सरजाबाई ओढ्याकडनं चढून यायची, या सगळ्यांपासून लांबून जायची, आणि त्या सगळ्यांत तीच एकटी रिकाम्या हातानं असायची. ज्या बाईनं जन्मभर खरं खुरपलं, तिचंच फिरणं तेवढं गावाच्या नियमात बसत नव्हतं. याला काय म्हणावं?

बरं, या शहाण्यांनी एक गोष्ट ध्यानातच घेतली नाही. दिवस वैशाखाचे होते. गहू, हरभरा निघून गेलेला, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, सगळं शिवार नांगरून उघडं पडलेलं. कॅनॉलखालचा थोडासा भुईमूग सोडला तर डोळ्याला हिरवं दिसत नव्हतं. अशात गावातली पन्नास माणसं खुरपणीला निघतात म्हणजे कशाला, ढेकळं खुरपायला?

पोलिसांची गाडी आली ती एका सकाळी, कॅनॉलच्या पुलावर. जमादार जिंतूरकडचा, कुणब्याचं पोरगं. त्यानं रांगेनं येणारी खुरपी बघितली, मग शिवार बघितलं, आणि गाडीतून उतरला. पहिले सापडले गुरुजी. जमादारानं विचारलं, गुरुजी, कशाची खुरपणी? गुरुजींनी आजूबाजूला बघितलं. नांगरटीशिवाय काहीच नव्हतं. आयुष्यभर मुलांना नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस, खाली मान घालून उभा राहिला. जमादारानं सगळ्यांना थांबवलं आणि एकेकाला हात पुढं करायला लावला. ज्यांच्या तळहाताला घट्टे होते, ती दोनचार माणसं भुईमुगाकडं सोडली. मऊ हातवाल्यांना एका बाजूला उभं करून उठाबशा काढायला लावल्या. दत्तरावांच्या तळहाताकडं तर त्यानं नीट बघितलंही नाही.

सरजाबाई ओढ्यातून वर आली ती या सगळ्याच्या समोरच. गाडी दिसली तशी ती जागीच थांबली. चार पावलं मागं घेतली असती तर ती ओढ्यात दिसेनाशी झाली असती. तसा विचार आलाही. पण आज मागं फिरलो तर उद्या निघणं होणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं पदर खोचला, रुमाल नाकावर नीट केला आणि हात झुलवत सरळ पुलाकडं चालत गेली.

जमादारानं विचारलं, मावशी, तुमचं खुरपं कुठंय? ती म्हणाली, न्हाई. त्यानं हात बघितले. घट्टे नुसते नव्हते, तळहाताचं कातडंच तसं झालेलं होतं. करंगळी वाकडी, बोटाबोटाला जुन्या कापल्याच्या रेघा. त्याचा आवाज खाली आला. अशीच कुणीतरी त्याच्याही घरी असणार. जा मावशी, म्हणाला, कामाला जा. आणि तेवढ्यात उठाबशांच्या रांगेतून दत्तराव धापा टाकत बोलले की साहेब, ती आमचीच हाय, आमच्याच भुईमुगाला चालली. हे तिच्या भल्यासाठी बोलले की स्वतःची वट दाखवायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

सरजाबाईनं नुसतं गप्प राहायचं होतं. सुटली होती ती. चाळीस वर्षं गप्प राहिली, अजून एक घोट गिळायला काय लागत होतं? पण ते 'आमचीच' तिच्या कानात असं घुसलं की तिच्यानं राहवलं नाही.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "मी कामाला न्हाई चालले. मी कुणाच्या रानाला न्हाई चालले. मला शुगर हाय, माझा नवरा पाय सडून गेला. मी चालायला आले."

उठाबशा थांबल्या. जमादाराची पंचाईत झाली. चालायला आलेल्या माणसांनाच तर तो शिक्षा करत होता, आणि सगळे आता त्याच्याकडं बघत होते. तो तिला हळू आवाजात म्हणाला की मावशी, मी सोडायलोय ना, कामाला चालले म्हणा अन् जा. ती म्हणाली, खोटं कसं म्हणू? मग तो चिडला. मग मागं फिरा म्हणाला. ती म्हणाली, मागं फिरले तर बाजेवर पडावं लागंल. त्यानं काठी उचलली. उगारल्यावर म्हातारी पळंल असं त्याला वाटलं असणार.

सरजाबाई पळाली नाही. तिनं लुगडं सावरून दोन्ही पाय मागं घेतले आणि दोन्ही हात पुढं केले.

"मारायचं तर हातावर मारा," ती म्हणाली. "पायाला लावू नका. पाय लागतेत मला."

जमादारानं मारलं. उजव्या तळहातावर, एकच. फार जोरात नाही, पण लुटुपुटुचंही नाही. चार माणसांत उचललेली काठी त्याला तशीच खाली घेता आली नाही. रांगेत गुरुजींनी तोंड फिरवलं. सरजाबाईनं ओठ आवळला, हात खाली घेतला, आणि म्हणाली, "झालं? जाऊ मग?" उत्तराची वाट न बघता ती त्याच्या बाजूनं पुढं निघाली, गेटाकडं. तिला कुणी हटकलं नाही. दत्तरावांना तेवढं परत उठाबशा सुरू करायला सांगण्यात आलं.

पुलापासून लांब गेल्यावर तिला रडू आलं. थांबायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, म्हणून ती चालता चालताच रडली. हाताच्या आगीनं नव्हे, रागानं. या वयात कुणाचं तरी पोर आपल्यावर काठी चालवतं याचा राग, आणि पंडितच्या मोडून ठेवलेल्या भाकरीचा राग, सगळा एकदम. गेटापर्यंत जाईस्तोवर रडून झालं. तिनं कॅनॉलच्या पाण्यात हात बुडवला, तोंडावर पाणी मारलं आणि माघारी वळली.

परत आली तेव्हा गाव पांगलं होतं. पुलाच्या कठड्यावर जमादार एकटाच बसला होता. ती जवळून जायला लागली तसा तो उठून उभा राहिला. तिच्या पायातल्या त्या मोठ्या बुटांकडं त्यानं बराच वेळ बघितलं.

"मावशी, उद्या येऊ नका," तो म्हणाला. "उद्या बी माझीच ड्युटी हाय."

"मग उद्या डाव्या हातावर मारा," सरजाबाई म्हणाली, आणि न थांबता वस्तीच्या वाटेला लागली.